मागच्या डाव्या चाकाची मोहीम

"जावईबापू, गाडी देतोय. आवाज देत नाहीये."

हे बोल फार वर्षांमागे, किल्ल्या तळहातावर ठेविताना, आबासाहेबांच्या मुखातून निघाले, आणि चष्मेवाले राव यांच्या कानात ऐसे ठाण मांडून बसले की पुढे डॉक्टरांनी पिचकारी मारून कानाचा मळ काढिला, तरी ते निघाले नाहीत. तेच बोल स्मरून, आणि यात तिळभर खोटे लिहिल्यास लिहिणारावर भर चौकात गाडी ढकलण्याची पाळी येवो ऐशी शपथ वाहून, मागच्या डाव्या चाकाच्या मोहिमेचा मजकूर लिहावयास घेतला असे. ज्यांस हत्ती, घोडे, तोफा आणि पडलेले बुरूज पाहिजेत त्यांनी दुसरे दार पाहावे. येथे एक जॅक आहे, आणि तोही शेजारून मागून आणलेला.

तरी प्रथम माणसांची वळख. राव हे चष्म्यांच्या दुकानाचे धनी. भिंतीवरील अक्षरे दाखवून समोरच्यास 'आता बरं दिसतं, की मघाशी?' ऐसे पुसण्यात हयात गेली, आणि त्यामुळे स्वतःचे मत म्हणून काही सांगावयाचे असते हा रिवाजच मोडला. दुसरा गुण ऐसा की अर्धे ऐकिले की पूर्ण समजले. लग्नपत्रिका वाचीत ती वधूच्या नावापर्यंत, आणि मग दुसऱ्याच कार्यालयात जाऊन जेवून येत. बाईसाहेब, म्हणजे रावांचे कुटुंब, या दवाखान्याच्या टेलिफोनवर बसणाऱ्या. पलीकडचा मनुष्य नुसता खोकला तरी त्यास कोणत्या मजल्यावर धाडावे हे सांगतील ऐसे त्यांचे कान. आणि आबासाहेब हे बाईसाहेबांचे तीर्थरूप, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक, ज्यांस दुरून येताना पाहून बाजारातले तराजू आपणहून सरळ होत.

गाडी आबासाहेबांची. वय ऐसे की तिच्या बरोबरीच्या गाड्या भंगारात जाऊन, वितळून, त्यांच्या बादल्या होऊन त्या बादल्यांसही भोके पडली. नजर अधू झाली तेव्हा आबासाहेबांनी ती थोरल्या जावयास दिधली. काही वर्षे गाडीने मुकाट्याने चाकरी केली, आणि मग मागील डाव्या अंगास 'खडक्-टक्' ऐसा आवाज उपजला. रस्ता सपाट असता आवाज झोपे, आणि गतिरोधक दिसताच जागा होई. राव गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेले की आवाज ऐसा शहाण्यासारखा वागे की जणू पाहुण्यांपुढे पाढे म्हणणारे लेकरू. मिस्त्री म्हणत, काही नाही साहेब, मनातून काढून टाका. राव आनंदाने माघारी फिरत, आणि मिस्त्रीच्या फाटकाबाहेरील पहिल्याच खड्ड्यात आवाज म्हणे, खडक्-टक्.

आणि दर रविवारी सकाळी आबासाहेब गावाच्या दुसऱ्या टोकाहून बसने कूच करून येत. चहाच्या आधी गाडीत मागे बसत, राव गल्लीच्या तोंडावरील गतिरोधकावरून गाडी नेऊन आणीत, आणि आबासाहेब खिडकीबाहेर पाहात एकच शब्द बोलत: "आहे." एवढ्यावर पाहणी आटपे. दूध उतू जावयास लागतो तितकाही वेळ लागत नसे. परंतु आबासाहेबांचा मुक्काम दिवस मावळेतो असे. पेपर वाचीत, दुपारी लवंडत, स्वयंपाकघरातले घड्याळ पुढे गेले की मागे पडले याचा निवाडा करीत, दाराची सैल कडी बसवीत, आणि मग शेवटच्या बसने माघारी जात. सासूबाई देवाघरी गेल्यापासून हा क्रम कधी चुकला नव्हता.

ऐसे चालता एके रविवारी आबासाहेबांनी, कडी बसविता बसविता, हुकूम फर्माविला: पुढील रविवारचा सूर्य मावळण्यापूर्वी आवाज गेला तर गाडी रावांची, न गेला तर किल्ल्या त्याच सांजेस धाकट्या जावयाच्या हाती जातील.

हे धाकटे जावई म्हणजे रावांचे साडू, इमारती रंगविण्याचा ठेका घेणारे, आणि गाडी पुसावयास वेगळा, तोंड पुसावयास वेगळा, आणि गाडीचे तोंड पुसावयास तिसरा टॉवेल बाळगणारे. हुकूम कानी जाताच साडूंनी आपल्या अंगणाची लांबी फितीने मोजून त्या फितीचे छायाचित्र घरच्या ग्रुपवर धाडिले. खाली मजकूर काही नाही. नुसते जोडलेले हात.

त्या जोडलेल्या हातांनी रावांच्या काळजास घरे पडली. गाडी प्यारी होतीच, परंतु जिवास लागले ते निराळेच. घरात जे सुरळीत चाले ते आबासाहेबांच्या पुण्याईने आणि जे खडखडे ते रावांच्या हातगुणाने, ऐसा निवाडा कधीचा होऊन गेला होता. आबासाहेबांनी एकदा, फक्त एकदा, मागच्या सीटवर बसून 'नाही' म्हणावे, एवढीच रावांची आस. मग गाडीच्या खुशाल बादल्या होवोत.

मग ओट्यापाशी खलबत बसले, आणि बाईसाहेबांनी ठरविले की मिस्त्री बस झाले, आता मोहीम घरच्या अंगणातूनच चालवावी.

पहिला हल्ला डिकीवर जाहला. रावांचे अनुमान ऐसे की आतील सरंजामच खडखडत असावा. तेव्हा आतून एक कापड नसलेली छत्री, एकटी रॅकेट, बंद पडलेला टेबलफॅन, आणि सहलीत हरविला म्हणोन ज्याचे सुतक पाळून झाले होते तो थर्मास, इतके युद्धकैदी बाहेर काढिले. डिकी रिकामी जाहली आणि आवाज दुप्पट जाहला, कारण आता त्यास घुमावयास जागा मिळाली. वरच्या मजल्याचे काका, जे सज्ज्यात खुर्ची टाकून गल्लीवर राज्य करितात, त्यांनी तेथूनच सल्ला टाकिला की आमच्या मेहुण्याच्या गाडीला अस्साच आवाज होता, शेवटी इंजिन उतरवावं लागलं. आवाज गेला काय, ऐसे रावांनी पुसता काका म्हणाले, आवाज नाही गेला, पण इंजिन छान झालं.

मग बाईसाहेबांनी हेरगिरीचा विडा उचलिला. मागील सीट आडवी पाडली, डिकीत गादी घातली, उशी घेतली, आणि पदर खोचून आपण स्वतः आत आडव्या जाहल्या, आणि रावांस आज्ञा जाहली की झाकण लावा आणि हळू चालवा. राव झाकण लावीत असता काकांनी सज्ज्यातून पाहिले की एक गृहस्थ आपल्या धर्मपत्नीस डिकीत घालून गाडी काढीत आहे. काकांनी मोठ्या सभ्यपणे पुसिले, लांब निघालात का? रावांनी सांगितले, नाही, इथंच, गतिरोधकापर्यंत. काकांनी मान हलविली, आणि त्या दिवसापासून घरात काकू काहीही बोलल्या की काका निमूट 'बरं' म्हणू लागले.

गल्लीतून गाडी चालली. गतिरोधक आला की राव ओरडून पुसत, आता ऐकू आला, की मघाशी? आणि आतून मुठीचे ठोके पडत: एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे पुन्हा न्या, आणि पुष्कळ ठोके म्हणजे मला गुदमरतंय. इस्त्रीवाला इस्त्री तशीच शर्टावर ठेवून पाहात राहिला, तो शर्ट या मोहिमेत कामी आला.

झाकण उघडता बाईसाहेब केस सावरीत उठून बसल्या आणि अहवाल दिधला:

"शॉकअप नाही, स्प्रिंग नाही. त्याच्या पुढे, सीटखाली, डावीकडे. आधी 'खडक्', मग 'टक्'. म्हणजे काहीतरी जागा सोडून जातंय आणि परत जागेवर येऊन बसतंय. आमच्या ऑफिसातल्या साहेबांसारखं."

मग जॅक लावून डावे चाक अधांतरी केले, गाडीच्या पोटाखाली लोखंडी घोडी दिली, चाक काढिले, आणि राव पाठीवर सरपटत आत गेले. तेथे मागच्या चाकास गाडीच्या पोटाशी धरून ठेवणारा एक लोखंडी दांडा असतो. त्या दांड्याच्या टोकास कान असतो, आणि कानात रबराची जाड चकती बसविलेली असते, तीस मिस्त्री लोक बुश म्हणतात. रबर मऊ असते तोवर रस्त्याचे धक्के आपल्या अंगावर घेते आणि लोखंडास लोखंडाशी भांडू देत नाही. ते रबर फाटून त्याच्या चिंध्या जाहल्या होत्या. इतकी वर्षे दोन्हीकडचे धक्के सोसून सोसून मुकाट्याने विरले, आणि विरल्यावर मात्र सर्वांस ऐकू आले. बाईसाहेबांनी टॉर्च धरून वाकून पाहिले आणि सहज गुणगुणल्या:

दांड्याच्या ग कानी, बुगडी रबराची
फाटली तरी राखी, लाज दो घराची

आणि मग म्हणाल्या, पुरे झालं, पाना द्या इकडे.

बाजारातून नवा बुश आला, आणि थंडीने आकसून कानात सहज शिरावा म्हणोन फ्रीझरमध्ये मटारांच्या शेजारी त्याची छावणी पडली. राव फोनवर दुरुस्तीचा व्हिडिओ लावून बसले. व्हिडिओतला गृहस्थ सांगत होता: बोल्ट सोडवा, जुना बुश ओढून काढा, नव्याला साबणाचं पाणी लावा, दाबून बसवा, बोल्ट घाला, आणि मग... एवढे ऐकता रावांस सर्व समजले, फोन खिशात गेला, आणि राव अंगणात गेले.

बोल्टाचे युद्ध वर्णावे तितके थोडे. गंजाने तो दांड्याशी ऐसा एकजीव जाहला होता की जणू आईच्या कडेवरून न उतरणारे पोर. फवारा मारिला, विनवण्या केल्या, शिव्या दिधल्या, आणि शेवटी जुन्या खाटेच्या पायाची नळी पान्यास जोडून नवरा-बायको दोघेही त्यावर लटकले. तेव्हा फटाक् ऐसा बार जाहला, बोल्ट शरण आला, राव पाठीवर आणि बाईसाहेब रावांवर पडल्या, आणि सज्ज्यातून काकांनी टाळ्या वाजविल्या. मग लांब बोल्ट, वॉशर आणि नळीचा तुकडा यांच्या फासात धरून जुना बुश ओढून काढिला, आणि नवा, गारेगार, साबण लावून कानात बसविला. आणि मग रावांनी, चाक परत चढवून, ते अधांतरीच असता, अंगात होते नव्हते ते सर्व बळ एकवटून बोल्ट आवळिले. ऐसे आवळिले की पाना कण्हला.

शनिवारच्या सांजेस गाडी गल्लीतून फिरली. चिटपाखराचाही आवाज नाही. रावांनी फाटक्या बुशाचे छायाचित्र ग्रुपवर धाडिले. साडूंनी अंगठा धाडिला, आणि तो अंगठा वर असूनही रावांस खाली दिसला.

रविवारी सकाळी आबासाहेब पातले. चहाआधी मागच्या सीटवर विराजमान जाहले. पहिला गतिरोधक, शांत. शाळेपुढचा दुसरा, शांत. रावांची मान चार बोटे उंच जाहली. आबासाहेब खिडकीबाहेर पाहात होते आणि त्यांचे ओठ मिटलेले होते. परतीच्या वाटेवर, गल्लीच्या तोंडाशी, गाडीच्या पोटातून जुन्या दाराच्या बिजागरीसारखा लांबलचक सूर निघाला: कर्रर्र.

"आहे," आबासाहेब म्हणाले. "आडनाव फक्त बदललंय."

आणि घरी येऊन त्यांनी मोठ्या खुशीने जेवण केले, आणि भात पुन्हा मागून घेतला.

इकडे राव पानावरून अर्धपोटी उठले आणि गाडीखाली जाऊन नुसतेच निजले. हातात पाना नाही, की मनात मसलत नाही. डोळ्यांसमोर साडूंचे अंगण, आणि त्यात तीन टॉवेल वाळत घातलेले. 'नाही' हा शब्द आपल्या नशिबी नाही, ऐसे त्यांच्या मनाने घेतले.

बाईसाहेब ओट्यापाशी शेंगा सोलीत बसल्या होत्या आणि रावांचा फोन डब्यास टेकवून तोच व्हिडिओ पाहात होत्या. शेंगा संपेतो पाहिला, आणि मग सालांचे सूप हातात घेऊनच अंगणात आल्या, आणि गाडीखालून दिसणाऱ्या पायांस उद्देशून बोलत्या जाहल्या.

"अहो, बोल्ट आवळलात तेव्हा चाक कुठे होतं?"

"हवेत."

"आणि आता?"

"जमिनीवर. दुसरीकडे कुठे असणार?"

"पोट आत ओढून पट्टा आवळायचा आणि मग पंगतीत बसायचं, तसं केलंय तुम्ही. मग तो करकरणार नाही तर काय करणार?"

बाब ऐशी की चाक लोंबकळत असता दांडा खाली झुकलेला असतो. तशातच बोल्ट आवळले तर रबर त्या झुकल्या अवस्थेतच जखडून बसते, आणि गाडी चाकांवर उभी राहिली, दांडा वर गेला, की बिचाऱ्या रबरास पीळ पडतो. उभे असता पिळलेले, चालता पिळलेले. त्याने करकरावे यात नवल ते काय.

हे तुला कोणी सांगितले, ऐसे रावांनी गाडीखालूनच क्षीण आवाजात पुसिले. बाईसाहेबांनी सांगितले की तुम्ही जिथं व्हिडिओ बंद केलात ना, त्याच्या पुढच्याच वाक्यात आहे.

मग दुसरी चढाई मांडिली. चारी चाकांखाली जाड फळ्या सारून गाडी उंच केली, परंतु चाके टेकलेलीच राखिली. हँडब्रेक ओढिला, चाकांस मागेपुढे विटा लाविल्या, बोल्ट सैल सोडिले, आणि रबराने जो सुस्कारा टाकिला तो बाईसाहेबांनी आपल्या कानांनी ऐकिला. आता गाडीवर नित्याचा भार पाहिजे, म्हणोन बाईसाहेबांनी आबासाहेबांस विनंती केली की मागे डावीकडे बसा. आबासाहेबांनी हयातभर दुसऱ्यांची वजने तपासिली होती. आपणच वजन होण्याचा हा पहिला प्रसंग. ते पेपर घेऊन बसले, परंतु पान उलटल्याचा आवाज काही आला नाही. राव बरोबर त्यांच्या खाली पाठीवर पडून बोल्ट आवळीत होते, आणि दोघांमध्ये एका पत्र्याचे अंतर होते. एकदा वरून खाकरल्याचा आवाज आला, जसा कोणी बोलावयास लागण्याआधी खाकरतो. राव पाना धरून थांबले. वर पेपराची घडी घातल्याची सळसळ तेवढी जाहली. राव पुन्हा आवळू लागले.

मग सूर्य काकांच्या सज्ज्याखाली उतरला असता तिघांची स्वारी निघाली. गल्लीचा गतिरोधक, शांत. शाळेपुढचा, शांत. "पुन्हा," आबासाहेब म्हणाले. पुन्हा नेली, शांत. त्यांनी बाजाराकडचा फुटका रस्ता धरावयास लाविला, मग पाइपलाइनसाठी खणून अर्धवट बुजविलेला, मग रेल्वेच्या फाटकावरचा, जेथे चांगल्या चांगल्या गाड्यांचे दात खिळखिळे होतात. गाडी रुळांवरून ऐशी गेली की जणू झोपल्या बाळावरून आईचा हात. इतकी शांतता त्या गाडीने कित्येक वर्षांत ऐकिली नव्हती. डॅशबोर्डातील घड्याळ चालते हे रावांस प्रथमच कळले. बाईसाहेबांच्या बांगड्या वाजल्या तेही कळले, आणि मागे आबासाहेब श्वास घेऊन सोडीत होते, तेही.

घराच्या गल्लीत वळताना शेवटचा गतिरोधक आला आणि गेला.

"नाही," आबासाहेब खिडकीबाहेर पाहात म्हणाले.

तो शब्द ऐसा बारीक आला की रावांस त्याचा आनंद करावा तरी कोठून धरून करावा हे सुधरेना. बाईसाहेबांनी आरशातून मागे आबासाहेबांकडे पाहिले.

येणेप्रमाणे रविवारी, दिवेलागणीपूर्वी, मागील डाव्या चाकाची मोहीम फत्ते जाहली. खडक्-टक् याचा समूळ बीमोड जाहला, कर्रर्र यास परागंदा केले, गाडी चष्मेवाले राव यांकडे वंशपरंपरा कायम जाहली, साडूंस त्यांचे अंगण मोकळे मुबारक जाहले, आणि फाटका बुश विजयचिन्ह म्हणोन थर्मासाशेजारी फळीवर ठेवावा ऐसे बाईसाहेबांच्या मंजुरीने ठरले. इस्त्रीवाल्याच्या शर्टाची भरपाई व्हावी. काकांस टाळ्यांबद्दल चहा पोहोचावा. ही फत्ते ज्यांनी मनगटाच्या आणि ज्यांनी कानाच्या बळावर मिळविली त्या उभयतांचे नाव गाडी चालते तोवर राहो.

येथे लेखणी ठेवावयाची. परंतु बाईसाहेब कुलूप उघडावयास पुढे गेल्या, आणि आबासाहेब मागच्या सीटवरून उतरेनात. राव दार उघडून, धरून उभे राहिले. आबासाहेबांनी घडी घातलेला पेपर गुडघ्यावर ठेविला होता आणि त्यावरून हात फिरवीत होते, जणू त्यातली सुरकुती काही केल्या जात नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "आता पुढच्या रविवारी काय सांगून येऊ मी?"

"सांगून कशाला यायला पाहिजे, आबा? यायचं."

आबासाहेबांनी मान हलविली. मग प्रथमच खिडकीबाहेर न पाहता, रावांकडे पाहून बोलले.

"रविवारचं नाही हो. मला तिकडे रोजच करमत नाही."